दीडची जाग: रात्रीच्या अ‍ॅसिडिटीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका शिक्षिकेचं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण घटनांचा क्रम आणि माझे निर्णय जसे घडले तसेच लिहिले आहेत. त्यांना इथे नुसतं 'बाई' म्हणते. शाळेत मुलं त्यांना अशीच हाक मारतात.

बाईंचं वय ५४. चार वर्षांपासून रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिनची ५ मिलिग्रॅमची एक गोळी, रक्तदाब व्यवस्थित ताब्यात. मधुमेह नाही. तंबाखू, दारू यांचा प्रश्नच नव्हता. दीड वर्षापूर्वी सासूबाईंच्या खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण रात्री एकटीने उठण्याचा धीर त्यांना पुन्हा आला नाही. तेव्हापासून बाईंनी आपला सिंगल पलंग सासूबाईंच्या खोलीत हलवला होता.

त्यांची संध्याकाळ मी नंतर तपशिलात विचारली. ती आधीच विचारली असती तर पुढचं बरंच टळलं असतं, म्हणून इथे आधीच सांगते. साडेआठला सासूबाईंना जेवू घालायचं, मग औषधं, अंग पुसणं, अंथरूण. ओटा आवरून स्वतःचं ताट वाढायला सव्वादहा वाजत. दिवसभराची भूक असायची, त्यामुळे दिवसातलं सगळ्यात भरपेट जेवण तेच. पहाटे साडेपाचला उठायचं म्हणून पावणेअकराला पाठ टेकायची. जेवण आणि अंथरूण यांत जेमतेम अर्धा तास. या दीड वर्षात वजन सात किलोंनी वाढलं होतं, आणि ते सगळं पोटावर.

तक्रार

बाई अ‍ॅसिडिटीसाठी आल्याच नव्हत्या. त्या झोपेसाठी आल्या होत्या. "डॉक्टर, झोप लागते पण टिकत नाही. दीडच्या सुमाराला डोळे टक्क उघडतात, आणि मग पहाटेपर्यंत नुसती तळमळ." वर्गात डोळे मिटायला लागले होते, मुलांवर उगाच आवाज चढत होता, आणि तो आवाजही सकाळी बसलेला असायचा. घसा बसण्याचं कारण त्यांनी स्वतःच देऊन टाकलं: पंचवीस वर्षं खडू आणि ओरडणं.

पोटाचं विचारलं तेव्हा म्हणाल्या, "पित्त आहेच हो, ते कुणाला नसतं?" छातीत जळजळ झाली की घरातली पँटोप्राझोलची गोळी त्या झोपताना घेत. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. ते वाक्य मी ऐकलं आणि पुढे गेले.

पहिला निर्णय, आणि तो कुठे चुकला

घरात आजारी माणूस, अंगावर जबाबदारी, मध्यरात्री जाग, विचारांचं चक्र. ताणामुळे झोप मोडते, हे चित्र इतकं ओळखीचं होतं की मी त्यांना झॉल्पिडेम ही झोपेची गोळी दहा दिवसांसाठी लिहून दिली. झोपेआधी मोबाइल नको, दुपारनंतर कॉफी नको, हे नेहमीचं सांगितलं. "जाग कशामुळे येते?" हा एक प्रश्न मात्र विचारला नाही.

बाई नवव्या दिवशीच परत आल्या. झोप लांबली होती हे खरं. पण सकाळी घसा आतून सोलवटल्यासारखा वाटायचा, आणि सातव्या रात्री त्या गुदमरून उठल्या होत्या. घशात, नाकात आंबट-कडू पाणी, श्वास आत जाईना, खोकल्याची उबळ थांबेना. घरातले सगळे जागे झाले. त्यांना वाटलं, आता संपलं.

मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, थोडी संकोचून. उशीच्या अभ्र्यावर रोज सकाळी एक ओला, पिवळसर डाग दिसायचा, नेहमी उजव्या बाजूला. वय झालं की लाळ गळते, असं समजून त्या अभ्रा दर दोन दिवसांनी धुवायच्या.

गोळीने काय केलं असावं हे इथे नीट सांगायला हवं. जठरातलं आम्ल वर अन्ननलिकेत आलं की जागं माणूस नकळत गिळतं. जागेपणी आपण साधारण मिनिटाला एखादा आवंढा गिळतोच. त्या आवंढ्याबरोबर आम्ल खाली जातं आणि लाळेतलं बायकार्बोनेट उरलंसुरलं मारून टाकतं. झोपेत लाळ जवळजवळ बंद होते, गिळणं फार क्वचित होतं, आणि आडवं असल्यामुळे गुरुत्वाकर्षणाची मदतही नसते. अशा वेळी आम्ल वर आलं की झोप क्षणभर हलकी होणं, आवंढा गिळला जाणं, हीच शरीराची उरलेली सोय. झोपेच्या गोळीने ती हलकी जागच दाबली जाते आणि आम्ल जास्त वेळ तिथेच राहतं. झॉल्पिडेमच्या बाबतीत हे तपासून दाखवलेलं आहे. बाईंना दीडला येणारी जाग मी आजार समजले होते. ती राखण होती, आणि मी तिलाच झोपवलं होतं.

हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. गोळी बंद केली.

आधी काय वगळलं

छातीतल्या जळजळीला पोटाचं दुखणं म्हणण्याआधी हृदयाची खात्री करायलाच हवी. पन्नाशी ओलांडलेल्या, रक्तदाब असलेल्या बाईच्या बाबतीत तर नक्कीच, कारण बायकांमध्ये हृदयाचं दुखणं बऱ्याचदा नेहमीच्या ठरावीक लक्षणांनी येत नाही. जिने चढताना किंवा भरभर चालताना जळजळ होत नव्हती, धाप नव्हती, ईसीजी ठीक होता. घास अडकणं, विनाकारण वजन उतरणं, रक्ताची उलटी, काळी शौच, रक्त कमी असणं, यांपैकी काही असतं तर थेट एंडोस्कोपीच केली असती. त्यातलं काहीच नव्हतं. हिमोग्लोबिन १२.४ होतं.

चौदा रात्रींची वही

औषध बदलण्याआधी मी चौदा रात्रींची नोंद मागितली. खोली अंधारी असते, रात्री दीडला लिहिणार कोण, म्हणून फक्त चार गोष्टी: जेवण कधी संपलं, आडव्या कधी झालात, जाग किती वाजता आली, आणि जाग आली तेव्हा कोणत्या कुशीवर होतात. शेवटचा प्रश्न ऐकून बाई हसल्या. "ते लिहायला कशाला हवं? मी उजव्याच कुशीवर असते. आई त्या बाजूला आहेत ना."

तरी त्यांनी लिहिलं. शाळेची चौकटीची वही, शिक्षिकेचं नीटस अक्षर. चौदांपैकी अकरा रात्री आंबट पाणी किंवा खोकल्याने जाग. त्या अकरांपैकी नऊ वेळा उजवी कूस, दोनदा उताणं. उरलेल्या तीन बऱ्या रात्रींपैकी दोन उपवासाच्या निघाल्या, म्हणजे रात्री जेवणच झालेलं नव्हतं. मला त्या दोन ओळी सगळ्यात बोलक्या वाटल्या.

जठराचा आकार आणि त्याची बैठक लक्षात घेतली की कुशीचा अर्थ लागतो. अन्ननलिका जठराला वरच्या बाजूने मिळते आणि जठराचा मोठा फुगीर भाग पोटात डावीकडे असतो. डाव्या कुशीवर निजलं की आम्लाचं तळं त्या फुगीर भागात खाली साचतं आणि तोंडाशी असलेली झडप तळ्याच्या वर राहते. उजव्या कुशीवर हेच उलटं होतं: झडप पाण्याखाली जाते. अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी २०२२ मध्ये ५७ जणांच्या रात्री अशा मोजल्या, अन्ननलिकेतलं आम्ल आणि झोपेची कूस दोन्ही एकाच वेळी. आम्ल वर येण्याच्या खेपांमध्ये कुशीप्रमाणे ठळक फरक पडला नाही. फरक पडला तो वर आलेलं आम्ल परत खाली जायला लागणाऱ्या वेळात: डाव्या कुशीवर मध्यक ३५ सेकंद, उताणं ७६, उजव्या कुशीवर ९०.

म्हणजे रात्रीच्या दुखण्यात आम्ल किती वेळा येतं यापेक्षा ते किती वेळ थांबतं याला महत्त्व जास्त. दिवसाच्या जळजळीचा विचार करताना हे आपल्या डोक्यात नसतं, कारण दिवसा ते थांबतच नाही. गंमत म्हणजे 'वामकुक्षी' हा शब्द आपण रोज वापरतो आणि त्यातलं 'वाम' विसरून जातो. वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस. (जेवल्या जेवल्या आडवं होणं मात्र कोणत्याही कुशीवर बरं नाही.)

समोरचे पर्याय

सरळ रस्ता होता गोळीची मात्रा वाढवण्याचा. पँटोप्राझोल आणि त्याच्या भाईबंदांनी आम्ल तयार होणं कमी होतं. पण झडप सैल पडते ती पडतेच. पोटातलं वर येतं ते येतंच, फक्त कमी जाळतं. खोकला, गुदमरणं, अभ्र्यावरचा डाग यांना नुसती वाढीव मात्रा पुरली असती असं मला वाटत नव्हतं. शिवाय बाई गोळी चुकीच्या वेळी घेत होत्या. ही औषधं जठरातल्या चालू असलेल्या आम्लपंपांनाच धरतात, आणि पंप चालू होतात जेवणाने. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची असते. जेवून, आवरून, निजताना घेतलेली गोळी बहुतांशी वाया जाते. आधी वेळ सुधारायची आणि मात्रा नंतर बघायची, असं ठरवलं.

रात्री फॅमोटिडिन हे आम्ल कमी करणारं दुसऱ्या प्रकारचं औषध देण्याचाही विचार केला. पहिल्या काही रात्री ते छान काम करतं, पण रोज घेतलं तर आठवड्या-दोन आठवड्यांत त्याचा जोर ओसरतो. ते अडीअडचणीच्या रात्रीसाठी राखून ठेवलं.

अल्जिनेटचं पातळ औषध जेवणानंतर अन्नावर तरंगतं आणि झडपेच्या खाली साईसारखा थर धरतं. भरपेट जेवणानंतर तिथेच तर ताज्या आम्लाचा थर जमतो. पर्याय चांगला होता, पण त्यातल्या बऱ्याच औषधांत सोडियम असतं आणि बाईंना रक्तदाब. रोजच्याऐवजी प्रसंगी, असं ठरलं. खाण्याचा सोडा त्यांनी एकदा-दोनदा घेऊन पाहिला होता, तो मात्र त्याच कारणाने पूर्ण बंद केला.

रात्री जाग आल्यावर त्या कपभर कोमट दूध घेत. दुधाने घटकाभर थंड वाटतं, पण दुधातल्या प्रथिनांनी आणि कॅल्शियमने आम्ल पुन्हा सुटतं, आणि रिकामं होऊ लागलेलं पोट दीड वाजता परत भरतं. ते थांबवायला सांगितलं. दोन घोट पाणी पुरे.

अ‍ॅम्लोडिपिनवर मी बराच वेळ अडले. कॅल्शियम चॅनेल रोखणारी ही औषधं अन्ननलिकेखालची झडपही सैल करू शकतात. बदलावं का? पण रक्तदाब ताब्यात होता, आणि एकाच वेळी सगळं बदललं तर कशाने गुण आला हे कधीच कळलं नसतं. ते तसंच ठेवलं.

आणि मग तीन साध्या गोष्टी: जेवणाची वेळ, पलंगाचा उतार, कूस. सांगायला सोप्या असल्या तरी बाईंच्या घरात तिन्ही अवघड होत्या.

काय केलं: जेवण

"आईंना भरवून झाल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही." बाईंचं हे वाक्य मी मोडून काढायच्या फंदात पडले नाही. सव्वादहाचं जेवण सात वाजता आणा म्हणून सांगणं सोपं होतं, आणि ते चार दिवसांत बारगळलं असतं. जेवणानंतर जठर पूर्ण रिकामं व्हायला चार तासांपर्यंत लागू शकतात. निदान तीन तास मध्ये असावेत, एवढं गणित मी मांडलं आणि विचारलं, आईंच्या बरोबरच जेवता येईल का?

त्यांनी आणि यजमानांनी मिळून तोड काढली. सासूबाईंचं जेवण साडेसातवर आणलं. बाई आपलं ताट घेऊन पलंगाशेजारी स्टुलावर बसू लागल्या, एक घास त्यांना, एक स्वतःला. आवराआवर यजमानांनी घेतली. याचा एक फायदा कुणाच्याच मनात आला नव्हता: जेवायला सोबत मिळाल्यावर सासूबाई दोन घास जास्त जेवू लागल्या. बाईंना ही वेळ टिकवावीशी वाटली ती मुख्यतः त्यामुळे, माझ्या गणितामुळे नव्हे.

पँटोप्राझोल ४० मिलिग्रॅम, रोज, सातला. फोनवर गजर लावून.

पुढच्या चौदा रात्रींत जाग येणाऱ्या रात्री अकरावरून सातवर आल्या.

काय केलं: पलंगाचा उतार

बाईंनी आधीच दोन उशांवर तिसरी रचून पाहिली होती. उशांच्या चळतीने फक्त मान आणि खांदे उचलले जातात, माणूस कमरेत वाकतो, पोट दाबलं जातं, आणि दाब वाढला की आम्ल उलट वरच ढकललं जातं. शिवाय रात्री कधीतरी डोकं घसरून खाली येतंच. उतार हवा तो कमरेपासून डोक्यापर्यंत एकसंध. त्यासाठी पाचरीच्या आकाराची उशी किंवा पलंगाच्या उशाकडच्या दोन पायांखाली १५ ते २० सेंटिमीटरचे ठोकळे. पलंग सिंगल आणि फक्त त्यांचा होता, म्हणून ठोकळे निवडले. शेजारी कुणी निजत असतं तर मी पाचर सुचवली असती. दुसऱ्याला विनाकारण उतारावर निजवायचं आणि रोज त्याची कुरकुर ऐकायची, यात ठोकळे फार दिवस टिकत नाहीत.

इथे एक चूक झाली आणि ती माझ्या सूचनेतली होती. मी उंची सांगितली, खाच सांगितली नाही. गुळगुळीत लाकडी ठोकळ्यांवर पलंगाचे पाय नुसते टेकवले होते. चौथ्या रात्री सासूबाईंनी हाक मारली, बाई झटकन उठल्या, आणि एक पाय ठोकळ्यावरून घसरून पलंग धाडकन खाली आला. लागलं नाही, पण दोघी घाबरल्या. मग सुताराकडून ठोकळ्यांना वरून बोटभर खोल वाटीसारखी खाच पाडून घेतली आणि खालून रबराचा तुकडा ठोकला. त्यानंतर पलंग हलला नाही.

पहिला आठवडा बाई पायथ्याकडे घसरत राहिल्या. पोटऱ्यांखाली एक पातळ उशी आडवी ठेवल्यावर ते थांबलं. उंचीही एकदम १५ वर न नेता आधी ८, मग १५ अशी नेली. चौदा रात्रींत जाग सातवरून पाचवर.

काय केलं: कूस

हा भाग मला वाटला होता त्यापेक्षा फारच नाजूक निघाला. बाईंना डावी कूस समजली होती, पटली होती, आणि तरी रोज रात्री त्या उजवीकडेच वळत होत्या. "पाठ करून निजले की मला झोपच लागत नाही. आई उठल्या तर?"

दीड वर्ष त्यांनी कान आणि डोळे त्या बाजूला लावून झोप घेतली होती. डावीकडे वळणं म्हणजे सासूबाईंकडे पाठ करणं. मी पाठीमागे उशी लावायला सांगितलं, म्हणजे झोपेत उलटायला अडथळा होईल. दोन रात्रींत ती उशी जमिनीवर. मग विचार आला की दोन्ही पलंगांची अदलाबदल करावी. पण सासूबाईंच्या बाजूच्या भिंतीला दांडी बसवली होती, तिला धरून त्या उठत. तो पलंग हलवणं शक्य नव्हतं.

तोड सुचली ती यजमानांना. वही चाळत बसले होते, म्हणाले, "तू उशी पायथ्याला टाकून बघ ना." उसं-पायथा उलटा केला की सासूबाई आपोआप बाईंच्या डाव्या हाताला येणार होत्या. इतकं साधं. मी तीन आठवडे त्या खोलीचा विचार करत होते आणि मला ते दिसलं नव्हतं, कारण माझ्या मनात पलंग म्हणजे फळीची बाजू ती उशाची, हे पक्कं होतं. ठोकळे दुसऱ्या टोकाला हलवले, दिव्याचं बटण लांब पडलं म्हणून एक छोटा दिवा हाताशी ठेवला. पहिल्या रात्री बाईंनी डाव्या कुशीवर निजून समोर पाहिलं. सासूबाईंचा चेहरा तिरका, पण दिसत होता.

पुढच्या चौदा रात्रींत आंबट पाण्याने जाग आली दोनदा. दोन्ही वेळा, वहीप्रमाणे, उताणं असताना.

परिणाम

आठ आठवडे पूर्ण झाल्यावर पँटोप्राझोल थांबवून पाहिलं. सकाळचा आवाज तोपर्यंत मोकळा झाला होता. अभ्र्यावरचा डाग गेला होता, आणि बाईंना त्याचंच सगळ्यात जास्त समाधान होतं. पण गोळी थांबल्यावर तिसऱ्या आठवड्यात जळजळ परतली, आठवड्यातून तीन-चार रात्री. गोळी बंद केली की लक्षणं परततात, अशा वेळी आत बघणं योग्य असतं, आणि औषध दोन ते चार आठवडे बंद असताना बघणं जास्त उपयोगाचं, कारण औषधाने बऱ्या झालेल्या खुणा दिसत नाहीत. म्हणून त्याच सुमाराला एंडोस्कोपी केली. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला पाच मिलिमीटरपेक्षा लहान ओरखडे, म्हणजे लॉस एंजेलिस वर्गवारीत सर्वांत सौम्य 'ए', आणि साधारण दोन सेंटिमीटरचा हायटस हर्निया, म्हणजे जठराचा वरचा भाग छातीकडे सरकलेला. पेशी बदलल्याच्या खुणा नव्हत्या.

हर्नियामुळे झडप पूर्वीसारखी घट्ट होणार नाही, हे त्या दिवशी दोघींनीही मान्य केलं. आता पँटोप्राझोल २० मिलिग्रॅम, रात्रीच्या जेवणाआधी. सहा महिन्यांत वजन तीन किलो उतरलं आहे. आठवड्याला एखादी रात्र अजून बिघडते, आणि ती कोणती असणार हे बाईंना संध्याकाळीच कळतं: शाळेचं स्नेहसंमेलन, घरी पाहुणे, नाहीतर सासूबाईंची तब्येत बिघडून जेवण दहावर गेलेलं. अशा रात्री त्या जेवणानंतर अल्जिनेट घेतात, तासभर आरामखुर्चीत बसतात आणि जेवण निम्मं करतात. झोप मोडणं आणि अन्ननलिका हळवी होणं यांचं दुष्टचक्र असतं. झोप अपुरी झाली की तेवढ्याच आम्लाची जळजळ जास्त जाणवते. झोप सलग होऊ लागली तशी दिवसाची जळजळही कमी झाली, ती या दुसऱ्या टोकाकडून.

आज पुन्हा करायचं झालं तर

झोपेच्या तक्रारीत पहिला प्रश्न 'झोप का लागत नाही' याऐवजी 'जाग कशाने येते' हा विचारेन, आणि तोंडातल्या चवीबद्दल विचारेन. सकाळी बसणारा आवाज, कोरडा खोकला, अभ्र्यावरचा डाग या गोष्टी रुग्ण आपणहून पोटाशी जोडत नाही. जोडणं माझं काम होतं. जळजळ सांगणाऱ्या कुणालाही झोपेची गोळी देण्याआधी आता मी थांबते.

घोरण्याबद्दल मी फार उशिरा विचारलं. झोपेत श्वास अडण्याचा विकार आणि रात्रीची अ‍ॅसिडिटी बऱ्याचदा एकत्र असतात, आणि मध्यरात्री गुदमरून उठणं दोन्हींत असतं. बाईंच्या बाबतीत उत्तर 'क्वचित' आलं आणि दिवसाची झापड झोप सुधारल्यावर गेली, म्हणून पुढे तपासलं नाही. पण तो प्रश्न पहिल्याच दिवशी हवा होता.

तिन्ही बदल एकामागून एक केले, दर वेळी चौदा रात्री मोजल्या. त्यामुळे कशाने किती फरक पडला हे निदान या एका माणसापुरतं दिसलं, पण बाईंना पूर्ण आराम पडायला सहा आठवडे लागले. गुदमरण्याचा प्रसंग एकदा घडून गेला होता हे लक्षात घेता, जेवण आणि कूस मी एकत्रच सुरू करायला हवं होतं. कूस फुकट आहे, तिचा काही दुष्परिणाम नाही, आणि ती मी शेवटी ठेवली. त्यामागे फक्त माझी सवय होती: औषध आधी, बाकीचं नंतर.

खोलीही मी लवकर बघायला हवी होती. निदान कागदावर काढून घ्यायला हवी होती: पलंग कुठे, दार कुठे, कोण कुठल्या बाजूला.

अ‍ॅम्लोडिपिनचा निर्णय अजून उघडा आहे. पुढच्या महिन्यात रक्तदाबाची नेहमीची तपासणी आहे, तेव्हा दुसरं औषध चार आठवडे देऊन बघायचं आणि वही पुन्हा काढायची, असं ठरलं आहे. बाईंनी नवीन पान आखून ठेवलं आहे.